काटा वर येईपर्यंत

डब्यातले पापड हाताला नरम लागायला लागले की मला आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या गाडीची काळजी वाटू लागते. मीठ पाझरतं, काडेपेटीतल्या चार काड्या मोडल्यावर पाचवी पेटते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशीची पांढरी साय चढते, आणि एमआयडीसीचा तो आंबूस वास ओला होऊन बोईसरजवळच्या आमच्या सालवडच्या घराघरांत मुक्कामाला येतो. लोकांना श्रावण म्हणजे सणवार, उपास, साबुदाण्याची खिचडी. मला श्रावण म्हणजे दमट हवा, आणि दमट हवा म्हणजे धास्ती. दोन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्याने ही खोड लावून दिली, ती काही जात नाही.

गाडी माझी नाही. ती निखिलची, माझ्या मुलाची. निखिल मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातले आठ महिने समुद्रावर, उरलेल्या चारांतले दोन मुंबईत परीक्षा आणि कागदपत्रांच्या मागे. घरी उरतो तो जेमतेम दोन महिने. या दोन महिन्यांसाठी माणसाने काय घ्यावं? तर लाल रंगाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, छत मागे उघडणारी, दोन माणसांची जपानी स्पोर्ट्स गाडी. तीही जुनी, सेकंडहँड. लहानपणी तो वह्यांच्या पुठ्ठ्यांवर अशा गाड्यांची चित्रं चिकटवायचा, तेव्हा मला वाटायचं, वय आहे, जाईल. वय गेलं, गाडी राहिली.

"घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन," मी म्हणालो होतो. "एकाने कायम मागेच राहायचं का?"

"मी नसेन तेव्हा तुम्हा दोघांना बरोबर पुरते की, बाबा," तो म्हणाला. असं काही बोलला की मी चिडतो.

गाडी दारात आली त्या दिवशी गल्ली लोटली. शेजारच्या चाळीत राहणारा, कारखान्यात पाळीवर जाणारा रामसजीवन डबा हातात घेऊन दहा मिनिटं तिच्याभोवती फिरला आणि शेवटी मला म्हणाला, "काकाजी, ये चलेगी भी, या खाली पोंछने के वास्ते है?" मला राग आला. पण बोईसरच्या रस्त्यांवरचे खड्डे आठवले. त्याचं चुकीचं नव्हतं. निखिल घरी असे तेव्हा ती आठवड्यातून दोनदा बाहेर पडे. तो गेला की कापडाखाली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते माझ्या शहाणपणामुळे झालं. मी सांगलीकडून इकडे फिटर म्हणून आलो आणि बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये काढून फोरमन म्हणून निवृत्त झालो. पंप हाऊसमध्ये प्रत्येक पंपाला एक जोडीदार असतो. एक चालतो, दुसरा उभा. उभ्याला स्टँडबाय म्हणतात. तो नुसता उभाच ठेवला तर त्याच्या बेअरिंगला एकाच जागी घर पडतं, आणि ज्या दिवशी खरी गरज लागते नेमका त्या दिवशी तो मान टाकतो. म्हणून दर सोमवारी सकाळी कामावर आल्याआल्या पहिलं काम हे, की सगळे उभे पंप पाच-पाच मिनिटं चालवायचे, अंगावर हात ठेवून थरथर बघायची, लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचा आणि बंद करायचे. माझ्या हाताखालचा एकही सोमवार चुकला नाही. पाऊस असो, संप असो. उभी वस्तू मरते आणि चालती जगते, हे माझ्या हाडांत मुरलेलं होतं. तेलाचंही तसंच. बत्तीस वर्षं तेलात हात घातलेला माणूस मी. चिमटीत थेंब घेऊन बोटं घासली की तेल कसं आहे ते सांगायचो, आणि प्रयोगशाळेतली मुलं नंतर तेच सांगायची. मंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते, "मला सगळं कळतं" हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे.

तर त्या वर्षी जूनमध्ये जहाजावर जाताना निखिलने तेलाचे दोन डबे आणून ठेवले. म्हणाला, "पावसाळ्यात तेल बदलून घ्या. गाडी चालो न चालो, वर्षाला तेल बदलायचं. आणि हेच घाला हं, दुसरं नको." तो गेल्यावर मी डबा उघडला, चिमटीत थेंब घेतला. पाणी! बोटांवर थांबायला तयार नाही. हे तेल म्हणायचं? आमच्या पंपांना असलं तेल कुणी दाखवलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. माझ्या स्कूटरला वीस वर्षं मी जाड, मधासारखं संथ तेल घातलं आणि ती अजून एका किकमध्ये सुरू होते. शिवाय विचार साधा होता. गाडी बहुतेक उभीच असते. उभ्या गाडीतलं पातळ तेल सगळं खाली गळून बसणार, जाड तेल लोखंडाला धरून राहणार. मग जाडच बरं. मी निखिलचे डबे तांदळाच्या पिंपामागे सरकवले, बाजारातून जाड तेल आणलं आणि स्वतःच्या हाताने भरलं. त्याला सांगितलं नाही. मुलगा जहाजाची इंजिनं चालवतो, पण बापाला कळतं ते त्याला थोडंच कळणार!

याला मी तेव्हा अनुभव म्हणत होतो.

जुलै कसाबसा गेला. दर सोमवारी सकाळी मी गाडी पाच मिनिटं चालू करायचो, पंपासारखी. सुरू होताना ती तीन-चार सेकंद टकटक करायची. आतलं लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा कोरडा आवाज. मग तेल वर पोचलं की आवाज विरायचा आणि इंजिन गोल, गुबगुबीत गुरगुरायला लागायचं. मी कापडाने पुसायचो, बंद करायचो, दार लावायचो. मन शांत व्हायचं.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास निखिलचा फोन आला. त्यांचं जहाज एका वाईट पट्ट्यातून जाणार होतं. त्या समुद्राचं नाव मी टीव्हीवर रोज ऐकत होतो. जहाजांवर हल्ले होत होते, आगी लागत होत्या, माणसं पळवली जात होती. "काही दिवस फोन बंद राहील, बाबा. काळजी करू नका. नेहमीचंच आहे." मी म्हणालो, "बरं. जेवण वेळेवर घेत जा." एवढंच. मग आईशी बोलला आणि ठेवला. त्या आठवड्यात इकडे शिरगावच्या किनाऱ्यावरून होड्या समुद्रात उतरल्या, नारळ सोडले गेले. मंदा म्हणाली, "सगळेच निघाले." तिने ते सहज म्हटलं, पण मला ते नको वाटलं.

पहिले तीन दिवस काही वाटलं नाही. चौथ्या दिवसापासून मी फोन बघायला लागलो. मी पाठवलेल्या मेसेजखाली एकच करडी खूण. म्हणजे इथून गेला, तिथे पोचला नाही. टीव्ही लावावा तर भीती, न लावावा तर जास्त भीती. अंगणापलीकडच्या तुकड्यात भात पोटरीला आलं होतं, हिरवंगार, वाऱ्यावर डुलत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. मी नवस-सायास करणारा माणूस नव्हे. मंदाने देवापुढे नारळ ठेवला तेव्हा मी कुत्सित हसलो होतो. पण त्याच संध्याकाळी, मंदा दिवा लावत असताना, मी शेडमध्ये गेलो. सोमवार नव्हता. चावी फिरवली. टकटक, टकटक, आणि मग गुरगुर. इंजिन सुरू झालं. आणि माझ्या डोक्यात, कुठून कोण जाणे, असं आलं की हे इंजिन चालतंय, म्हणजे जहाजाचंही चालू असेल. तो जिथे असेल तिथे खाली इंजिनरूममध्ये उभा असेल.

दुसऱ्या दिवशीही गेलो. मग रोजच. साडेसहाला मंदाचा दिवा आणि माझी गाडी. पाच मिनिटं, जास्त नाही. पेट्रोल कशाला जाळायचं, आणि शेडमध्ये धूर कोंडायचा. मंदा कुरकुरायची. दोरीवरचे कपडे आधीच वाळत नव्हते, त्यांना आता पेट्रोलचा वास. "अहो, तुमच्या गाडीच्या धुराचा सदरा घालून देवळात जायचं का?" माझं लक्ष टकटकीकडे. ती चार सेकंदांवरून पाचवर गेली होती. मग सहा. मी मनात मोजायचो आणि सातच्या आत थांबली की सुटलो म्हणायचो. एक दिवस ती आठपर्यंत गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. मंदाला सांगितलं, पित्त झालंय.

एक गोष्ट मात्र मला खूश करून गेली. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल वाढलं होतं! भरलं होतं त्यापेक्षा बोटभर वर. मी मंदाला बाहेर बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ, जाड तेलाची करामत, थेंबभरही कमी नाही, उलट वाढलंय. मंदा म्हणाली, "तेल वाढतं कसं हो? मी कढईत घालते ते तर कमीच होतं." बाई अडाणी, असं मनात म्हणून मी पट्टी पुसून परत खोचली. आज ते आठवलं की मान खाली जाते. पंप हाऊसमध्ये एखाद्या पोराने तेल वाढल्याचं सांगितलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, आत काय शिरलंय? पण काळजी लागली की माणूस आपल्याला हवं तेच बघतो.

फोन बंद झाल्याच्या अकराव्या दिवशी संध्याकाळी मी चावी फिरवली. काहीच नाही. परत फिरवली. एक दमलेला, आखडलेला आवाज, आणि समोरचे दिवे मंद होत विझले. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. बाहेर पाऊस थांबलेला, पत्र्यावरून थेंब गळत होते. मी सीटवर तसाच बसलो. मी बत्तीस वर्षं यंत्रं हाताळली आहेत. बॅटरी उतरली असणार हे मला कळत होतं. पण जे कळत होतं ते एका बाजूला आणि निखिलचं जहाज दुसऱ्या बाजूला. मंदा निरांजन घेऊन दारात आली आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबली. "फोन आला का?" तिने विचारलं. मी मान हलवली. "मग?" मी म्हणालो, "गाडी चालू होत नाही." तिला एवढ्यात सगळं कळलं असावं. ती आत आली, शेजारच्या रिकाम्या सीटवर बसली, निरांजन मांडीवर धरून. त्या गाडीत आम्ही दोघं एकत्र बसलो ते पहिल्यांदा.

सकाळी मी हरेशला बोलावलं. हरेश माकुणसारचा, बोईसरला त्याचं गॅरेज आहे. निखिल गाडी त्याच्याचकडे दाखवतो. त्याने बॅटरी बघितली, मग न विचारता तेल भरायचं झाकण काढलं आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. झाकणाला पिवळट पांढरा लोण्याचा गोळा चिकटला होता. ताक घुसळताना रवीला लागतो तसा.

"काका, गाडी शेवटची बाहेर कवा काढली?"

"बाहेर नाही काढली. पण चालू करतो. रोज."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "तशी बंद नाही ठेवलेली मी."

हरेशने झाकण बोनेटवर ठेवलं. तो माझ्या निम्म्या वयाचा, पण त्या वेळी तोच मोठा माणूस वाटत होता. "बंद ठेवली असती तं बरं झालं असतं, काका. पेट्रोल जळलं का पानी बनते. थंड गाडीच्या सायलेन्सरमदून टपटप गळते ना, तां तेच पानी हाय. इंजिन चांगलं तापलं का त्याची वाफ होते नि निघून जाते. तुमी तापूच दिलं नाय. सगळं पानी तेलात उतरलं. पेट्रोल पन उतरलं. तेल वाढलं असंल बघा."

पंपाला विजेची मोटर असते. पंपाच्या पोटात आग नसते. माझ्या सोमवारच्या पाच मिनिटांत पंपाचं काही बिघडत नव्हतं, कारण तिथे जळतच काही नव्हतं. इतकी साधी गोष्ट. बत्तीस वर्षं तेलात हात घालून मला ती दिसली नव्हती.

त्याने खालून तेल सोडलं. दूध जास्त झालेला चहा दिसतो तशी धार पडली. मग त्याने विचारलं, भरलं होतं कुठलं? मी जाड तेलाचा रिकामा डबा आणून दिला. "आरे देवा," तो म्हणाला. "काका, या इंजिनाच्या फटी केसाएवढ्या. रात्रभर उभी राहिली का वरचं तेल खाली येतेच, जाड काय नि पातळ काय. चावी फिरवली का तां परत वर चढाया पायजे, आनि पातळ असलं तं झटक्यात चढते. जाड तेल रांगत जाते. तवर आतलं लोखंड कोरडं घासते. गाडी चालताना झिजत नाय, काका. सुरू होताना झिजते."

त्याने इंजिनाचं वरचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या दांड्यावरच्या गुळगुळीत उंचवट्यांवर बारीक ओरखडे होते. मी नख फिरवलं. नख अडलं. रोजच्या त्या टकटकीचे सेकंद तिथे कोरले गेले होते, आणि एकेक सेकंद मी स्वतः मोजला होता. "मेली नाय गाडी," हरेश म्हणाला. "पन दोन-चार वर्सांचं आयुष्य या पावसात गेलं."

मी स्वयंपाकघरात गेलो, तांदळाच्या पिंपामागून निखिलचे डबे काढले आणि त्याला आणून दिले. त्याने डबा उघडला आणि नरसाळं लावलं. भला माणूस. नवी बॅटरी, नवं तेल भरून निघताना एवढंच म्हणाला, "मयन्यातून दोनदा काढा. पाऊण तास चालवा. तेलाचा काटा मदोमद येऊ द्या, मंग आनून लावा. नायतर हातच लावू नका."

तेलाचा काटा! त्या गाडीत पाण्याच्या तापमानाचा एक काटा आहे आणि तेलाचा वेगळा. रोज पाच मिनिटं समोर बसून मी ते दोन्ही बघत होतो आणि तेलाचा काटा तळातून हललेला मी एकदाही पाहिला नव्हता.

त्या रविवारी मंदाने डोक्याला रुमाल बांधला आणि आम्ही दोघं शिरगावकडे निघालो. मी इतका घाबरलो होतो की गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात घालायची हिंमत होईना. प्रत्येक खड्ड्याशी मी थांबायचो, मागच्या रिक्षा हॉर्न वाजवायच्या. पाण्याचा काटा दहा मिनिटांत वर आला. तेलाचा तिथेच. पालघर मागे पडलं तेव्हा तो पहिल्यांदा थरथरला. शिरगावच्या किल्ल्याच्या भिंती दिसायला लागल्या आणि तो मधोमध येऊन थांबला. इंजिनाचा आवाज बदलला होता. काही तक्रार नसलेला आवाज. मी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली. पाणी मातकट होतं, क्षितिजावर दोन होड्या. मंदा तिकडे बघत म्हणाली, "हेच पाणी जात असेल ना हो तिथपर्यंत?" मी म्हणालो, "हो." मला रडू येत होतं आणि मी काचेवर साचलेली वाफ पुसत राहिलो.

निखिलचा फोन मंगळवारी आला. मी वऱ्हांड्यात पेपर पसरून नखं कापत होतो. सोळा दिवस मी जे सगळं बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. "बरा आहेस ना?" "हो." "जेवलास?" "हो. गाडी कशी आहे?" "बरी आहे," मी म्हणालो. "आईला देतो."

माघात तो घरी आला. बॅग ठेवली, चहा घेतला, शेडमध्ये गेला, चावी फिरवली. नव्या तेलानेही टकटक पुरती गेली नव्हती. दीड-दोन सेकंद उरली होती. त्याने इंजिन बंद केलं आणि तिथूनच हाक मारली, "बाबा, तेल कुठलं घातलं होतं?" बाप तसा बेटा. मी जाऊन सगळं सांगितलं. जाड तेल, लपवलेले डबे, पाच मिनिटं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"का पण, बाबा?"

मी त्याला स्टँडबाय पंपाबद्दल सांगायला लागलो. शाफ्ट, बेअरिंग, सोमवार. दारात उभी असलेली मंदा म्हणाली, "खरं सांगा की. तुझा फोन येत नव्हता, म्हणून रे. दुसरं काही नाही." निखिलने माझ्याकडे बघितलं. मी शेडच्या पत्र्याकडे. मग तो "हं" म्हणाला, कापड ओढून गाडी झाकली, आणि आम्ही तिघं जेवायला गेलो. तो विषय तिथे संपला, म्हणजे आम्ही तो तिथे ठेवून दिला.

त्या गोष्टीवर मी पुढे फार विचार केला आहे. निवृत्त माणसाला दुसरं काम काय! निखिल घरी येतो तेव्हा पहिले आठ दिवस आमचं जमत नाही. तो उशिरा उठतो यावरून, पंखा चालू ठेवतो यावरून, टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून ठिणग्या उडतात. मला वाटायचं, हा समुद्रावर राहून बदलला. तसं नसेल. आठ महिने उभं राहिलेलं काहीतरी आमच्यामध्ये नव्याने चालू होत असतं, आणि ते कोरडं घासतं. आणि ते आठ महिने? दर रविवारी फोन, पाच मिनिटांचा. बरा आहेस ना, जेवलास का, पाऊस आहे का, आईला देतो. माझी समजूत अशी, की फोन चुकत नाही म्हणजे सगळं चालू आहे. सोमवारच्या पंपासारखं. त्या पाच मिनिटांत काही तापत नव्हतं, आणि जे ओलं होतं ते आतच उतरत होतं. माझंही आणि त्याचंही.

आता पुन्हा पापड नरम पडले आहेत. निखिल जूनमध्ये गेला. गाडी मी पंधरवड्याला एकदा काढतो, मंदाला घेऊन, पाऊण तास. आता चौथ्या गिअरपर्यंत जातो. रामसजीवन हात करतो. मधल्या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला पाय आपोआप शेडकडे वळतात, मी दारापर्यंत जातो, कडीला हात लावतो आणि परत येतो. काही करता न येणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. करायला पाच मिनिटांचं जरी काही असलं तरी माणूस निभावून नेतो.

परवाच्या रविवारी फोन आला. त्याचं जहाज पुन्हा त्याच पट्ट्यातून जाणार आहे. "उद्यापासून फोन बंद, बाबा. दहा-बारा दिवस तरी. काळजी करू नका."

"बरं," मी म्हणालो. "जेवलास?"

"हो. तिकडे पाऊस?"

"आहे. गाडी शिरगावला नेऊन आणली."

"काटा आला मधोमध?"

"आला."

आमची पाच मिनिटं संपत आली होती. मंदा हात पुसत पुढे आली, फोन घ्यायला.

"ठेवू का, बाबा? आईला द्या."

"थांब," मी म्हणालो. मंदाचा हात मी तसाच धरून ठेवला. "घाई आहे का तुला? नसेल तर ठेवू नकोस. इतक्यात नको." "निखिल, एक विचारू? तुला तिथे भीती वाटते का रे?"

पलीकडून काहीच आलं नाही. जहाजाच्या इंजिनाची खोल घरघर तेवढी ऐकू येत होती. मी सवयीने मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार. मंदा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाटते, बाबा," तो म्हणाला. "फार वाटते." आणि मग तो बोलायला लागला.